छान म्हणजे काय गो?

आषाढातली संध्याकाळ होती. साडेसातला रत्नागिरीहून मावशीचा फोन येतो, तसा तो आला. एका हाताने कांदा परतत मी दुसऱ्या हाताने फोन कानाशी धरला. मावशी कधी ‘जेवलीस का’ विचारत नाही, ‘पाऊस आहे का’ही नाही. तिचा पहिला प्रश्न गेली कित्येक वर्षं एकच आहे, ‘सध्या काय वाचत्येस?’ मी म्हटलं, ‘ऋतुचक्र. पुन्हा काढलंय.’ ‘आता कसं वाटतंय?’ ‘छान आहे गं.’ पलीकडे शांतता. पन्हाळीतून पडणारं पाणी ऐकू येत होतं, म्हणजे फोन चालू होता. मग ती म्हणाली, ‘छान म्हणजे काय गो? मला आता दिसत नाही. तू तरी नीट सांग.’ आवाजात राग नव्हता. पंगतीत वाढणारीने आपल्या पानाशी न थांबता पुढे जावं आणि आपण हळूच ‘इकडे राहिलं’ म्हणावं, तसं काहीतरी होतं. ‘उद्या सांगते, गॅसवर भाजी आहे,’ असं म्हणून मी फोन ठेवला. कांदा अजून गुलाबीही झाला नव्हता. बोलायला पाच मिनिटं सहज मिळाली असती. माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं, हे रात्री अंथरुणावर पडल्यावर कळलं. शंभर पानं वाचून झाली होती आणि हाताला लागत होता एकच शब्द.

मावशीला दिसत नाही हे अर्धंच खरं. तिच्या डोळ्यांचा पडदा मधोमध झिजलाय. डॉक्टरांनी त्याला मॅक्युलर डीजनरेशन म्हटलं. मोतीबिंदू असता तर काढून टाकता आला असता, इथे काढण्यासारखं काही नाही. कडेकडेचं तिला दिसतं. दारातून कोण आलं ते कळतं, साडीचा रंग कळतो, पण जिथे नजर रोखावी नेमका तिथेच धुरकट डाग येतो. सुरुवातीला तिला चौकटी-चौकटींचा एक कागद दिला होता, मध्ये काळा ठिपका. तो फ्रिजच्या दाराला चिकटवायचा, रोज एकेक डोळा झाकून बघायचं, रेघा वाकड्या दिसल्या तर कळवायचं. पहिल्यांदा रेघा वाकल्या तेव्हा तिला वाटलं, पावसाने कागद दमटलाय. आज ती पुस्तक उघडते तेव्हा तिला समास दिसतो, मजकूर दिसत नाही. शेजारच्या मुलाने तिच्या फोनवर पुस्तकं ऐकायची सोय करून दिली. पंधरा दिवस ऐकलंन. वाचणारा चांगला वाचतो म्हणाली, उच्चार स्वच्छ आहेत, ‘पण त्याला मधेच काही विचारता येत नाही गो.’

मावशी टेलिफोन ऑपरेटर होती. ट्रंक कॉलच्या काळातली. कोकणातल्या बायका मुंबईच्या गिरणीत असलेल्या नवऱ्याशी तीन मिनिटं बोलायला आधी नंबर लावून तासन् तास बसायच्या, तेव्हाची. रात्रपाळीत दोननंतर बोर्ड शांत व्हायचा. कानाला हेडसेट, मांडीवर पुस्तक. एखादा दिवा लागला की पानात बोट घालून ती जोडणी करून द्यायची आणि पुन्हा त्याच ओळीवर यायची. मला वाटतं, बोटाने ओळ धरून ठेवायची तिची सवय तिथलीच. त्या कामाचा आणखी एक संस्कार तिच्यावर आहे. तीन मिनिटांत माणसं काय बोलतात आणि काय बोलायचं राहून जातं, हे तिने हजारो वेळा अनुभवलं होतं. ‘सगळं ठीक आहे’ म्हणणाऱ्या बाईचा फोन संपल्यावर ती बाई बाकावर बसून रडते, हे तिला ठाऊक होतं. ‘छान आहे’ ऐकल्यावर ती का थांबली असेल, त्याचं उत्तर मला तिथे सापडतं.

लहानपणी मे महिन्यात आम्ही तिच्याकडे असायचो. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं. त्या वयात त्याचं काही विशेष वाटायचं नाही. आम्हाला तिथला गारवा आवडायचा. बाहेर अंगाची लाही होत असताना आत जुन्या कागदाचा, खळीचा आणि डांबरगोळ्यांचा मिळून एक थंड वास असायचा. मावशीच्या घरच्या कपाटात डांबरगोळ्यांऐवजी वेखंडाचे तुकडे असत. पावसाळ्यात पुस्तकांना बुरशी धरायची, कसर लागायची, मग गणपतीनंतर पहिलं कडक ऊन पडलं की सतरंजीवर पुस्तकं उभी करून, पानं पंख्यासारखी उघडून ठेवली जायची. हे मी फक्त एकदाच पाहिलं, आई आजारी होती त्या वर्षी, पण एखाद्या सणासारखं लक्षात आहे. मावशी प्रत्येक पुस्तक उचलून झटकायची आणि झटकता झटकता त्याच्याबद्दल एक वाक्य बोलायची. ‘यातला मुलगा शेवटी परत येत नाही, मला अजून वाटतं येईल.’ ‘हे मला कळलं नव्हतं, चाळिशीत कळलं.’ ‘हे कुणाला देऊ नये, दिलं तर परत मागू नये.’ मी आठ-नऊ वर्षांची असेन. त्यातलं एकही पुस्तक तेव्हा वाचलं नाही, पण आजही त्यांतलं एखादं हाती आलं की आधी मावशीचं वाक्य ऐकू येतं.

आणि वाचनालयाच्या पुस्तकांतली ती पेन्सिल. ग्रंथपालांना त्याचा राग यायचा, दर्शनी पानावर ‘पुस्तकात खुणा करू नयेत’ असा शिक्का असायचा, तरी माणसं लिहायचीच. एका कौटुंबिक कादंबरीत सुनेने सासूला उलट उत्तर दिलं होतं, तिथे समासात कुणीतरी बारीक, तिरक्या अक्षरात लिहिलं होतं, ‘असे घडत नाही.’ त्याखाली वेगळ्या, गोल अक्षरात, ‘घडते.’ त्याखाली तिसऱ्याच हाताने, दाबून, ‘घडायला हवे.’ तीन माणसं, एकमेकांना कधी न भेटलेली. मागच्या डेट स्लिपवर शिक्क्यांच्या तारखा एकाखाली एक होत्या, कुठे आठवड्याचं अंतर, कुठे चार वर्षांचं. त्या तारखांत ही तिघं कुठे असतील ते मी बोटाने शोधत बसायचे. पुस्तकात लिहू नये हे मला मान्य आहे, आणि तरी त्या पानाइतकं खरं परीक्षण मी नंतर क्वचितच वाचलं.

सहा शब्दांचं होतं ते.

हल्ली आपण एकमेकांना पुष्कळ विचारतो, काय वाचताय म्हणून. विचारणं चांगलंच आहे, मला तर तो प्रश्न तब्येत विचारण्याहून जवळचा वाटतो. उत्तरंही भराभर येतात. नाव येतं, मुखपृष्ठाचा फोटो येतो, ‘अप्रतिम’ येतं, ‘खाली ठेववत नाही’ येतं. यात खोटं काही नसतं. ‘अप्रतिम’ म्हणणाऱ्याला खरंच काहीतरी झालेलं असतं. पण ते काय झालं, कुठल्या पानावर, घरात कोण होतं तेव्हा, हे त्या शब्दाच्या मागेच राहतं, आणि विचारणाराही नाव टिपून घेऊन पुढे जातो. माझ्याही वहीत अशी नावं आहेत. कुणी सुचवलं ते आठवतं, का सुचवलं ते आठवत नाही.

याउलट एक बाई मला आठवते, जिचं नावही मला माहीत नाही आणि तिच्या पुस्तकाचंही नाही. सकाळची ठाण्याहून सुटणारी स्लो लोकल, बायकांचा डबा. ती मुलुंडला चढायची. हातात वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं जाड पुस्तक. कव्हरावर जुन्या जाहिराती, पंख्याच्या आणि पैठणीच्या. मी चार-पाच दिवस बघत होते आणि शेवटी विचारलं, ‘काय वाचताय?’ तिने पुस्तक मिटलं, पण बोट आत ठेवलं. म्हणाली, ‘यातली सासू अगदी माझ्या आईसारखी आहे. म्हणून मी हे घरी वाचत नाही, गाडीतच वाचते.’ मग ती सांगत राहिली. भांडुप गेलं, कांजूरमार्ग गेलं. आईने तिच्या वहिनीला कसं वागवलं, तेव्हा लहान असताना तिला आईचंच बरोबर वाटायचं, आणि आता या पुस्तकातल्या बाईचा राग आला की तिला आपण आईशी बेइमानी करतोय असं वाटतं. आई आता तिच्याकडेच असते, गुडघ्याला पट्टा बांधून सोफ्यावर. ‘संध्याकाळी गेल्यावर तिला चहा करून देते ना, तेव्हा पुस्तक पिशवीत असतं. तेवढा वेळ पिशवी जड लागते.’ कुर्ल्याला ती उतरली. नाव विचारायचं राहिलं. पुढे माझी गाडी बदलली. ते पुस्तक मी कधी वाचलं असेल, नसेलही, पण त्याच्याइतकं कुठलंही पुस्तक मला कुणी दिलेलं नाही.

अभिप्राय म्हणजे काय याचा पहिला धडा मात्र त्याही आधीचा, पुण्यातल्या वसतिगृहातला. आम्हाला बी.ए.ला व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ होती. १९५५ची कादंबरी. पहाटे चालत निघालेला तरुण मास्तर, माणदेशचा माळ, मेंढरं, धनगरांची वस्ती. मी भारावून गेले होते. ‘किती सुंदर लिहिलंय ना,’ असं मी खोलीतल्या मैत्रिणीला म्हटलं. ती आटपाडीकडची. ती कपड्यांना इस्त्री करत होती. तिने इस्त्री उभी ठेवली आणि म्हणाली, ‘शेवटचा भाग वाचलास का?’ शेवटी पाऊस येत नाही, गाव उठतं, माणसं जनावरांना घेऊन निघून जातात. मी म्हटलं, वाचला, तोही सुंदर आहे. ती काही बोलली नाही. दिवा मालवल्यावर अंधारात तिने सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळात तिची आई खडी फोडायला जायची, हिला बाभळीला बांधलेल्या झोळीत ठेवून. घरी लाल मिलोच्या भाकरी, मुलांना सुकडी. आजोबांनी बैल सोडून दिले. विकले नाहीत, सोडले, कारण घेणार कोण. एक बैल दोन दिवसांनी परत आला आणि दारात बसला. ‘पुस्तकात ते इतकं शांतपणे लिहिलंय ना,’ ती म्हणाली, ‘म्हणून मला वाचवतं. ओरडून लिहिलं असतं तर मी फेकून दिलं असतं.’ तिचंही मत चांगलंच होतं. आम्हा दोघींनाही ते पुस्तक आवडलं होतं. पण माझ्या ‘सुंदर’मध्ये त्या बैलाला जागा नव्हती. परीक्षेत ग्रामीण कादंबरीची वैशिष्ट्यं मी पाच मुद्द्यांत लिहिली, चांगले मार्क मिळाले. तिचं वाक्य लिहायला हवं होतं, ते लिहिलं नाही, आणि ती रुखरुख अजून आहे.

तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मावशीला काय सांगायचं, हा प्रश्न घेऊन मी सकाळी उठले. दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ १९५६चं, मावशी तेव्हा पंधरा वर्षांची. तिने ते माझ्याआधी कितीतरी वेळा वाचलंय. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत एकेक महिना दुर्गाबाई डोळे उघडे ठेवून बघतात, झाड, पाखरू, आभाळाचा रंग, सगळं. जिला समोरचं दिसत नाही तिला, जे पुस्तकच बघण्याचं आहे, ते कसं सांगायचं? ‘पालवीचं वर्णन छान आहे’ हे पुन्हा छानच झालं. मी आषाढाचा लेख परत काढला आणि या वेळी सावकाश वाचला. वाचता वाचता लक्षात आलं की मी एवढी पानं उलटली, पण खिडकीबाहेर एकदाही पाहिलं नव्हतं. महिना आषाढच चालला होता. ऑफिसला निघताना सोसायटीच्या मागच्या भिंतीशी थांबले. भिंतीवर शेवाळाचा मऊ, ओला थर. खाली टाकळा माजला होता. संध्याकाळी परत आले तेव्हा रिपरिप चालू होती आणि टाकळ्याची पानं मिटून जोडीजोडीने एकमेकांना चिकटली होती. लहानपणी मावशीच्या परसात पाहिलेली ही गोष्ट मी पार विसरले होते.

फोनवर मी ते सांगितलं. पुस्तकापासून सुरुवात केली आणि टाकळ्यावर घसरले. मला वाटलं, ती म्हणेल, पुस्तकाचं सांग. ती म्हणाली, ‘वास येतोय का टाकळ्याला? कोवळा असेल तर खुड. खोबरं घालून कर.’ मग जरा वेळाने, ‘दुर्गाबाईंचं मला काय आठवतं सांगू? त्या पाऊस बघतात. फार सुरेख बघतात. पण चुलीत ओलं लाकूड धुमसतंय, कपडे वाळत नाहीत, पोराला खोकला झालाय, तो पाऊस मला त्यात सापडला नव्हता. तेव्हा मला राग आला होता.’ मी म्हटलं, ‘मावशी, त्या बघायलाच बसल्या होत्या. एका बाईने स्वयंपाकघराबाहेर येऊन वर्षभर नुसतं बघायचं ठरवलं, मला तर तेच मोठं वाटतं.’ ती म्हणाली, ‘हां. हे आज बोललीस.’ पुढची वीस मिनिटं आम्ही वाद घातला. माझं म्हणणं तिला पटलं नाही, तिचं मला निम्मंच पटलं. भाजी थंड झाली. किती दिवसांनी मी एका पुस्तकाबद्दल इतकं बोलले असेन!

त्यानंतर सोपं झालं असं नाही. उलट वाचनाचा वेग कमी झाला, कारण आता प्रत्येक पानाशी संध्याकाळी साडेसातची वेळ उभी असते. काही पुस्तकं मी अर्ध्यावर सोडली, आणि का सोडली हे सांगताना वाचून संपवलेल्यांपेक्षा जास्त बोलले. एका गाजलेल्या कादंबरीबद्दल मी म्हटलं, यातली सगळी माणसं एकाच आवाजात बोलतात. मावशीने लगेच ओळखलं, ‘म्हणजे लाइन क्रॉस झाल्यासारखं?’ एका कवितासंग्रहाबद्दल मला काहीच सांगता येईना, तेव्हा मी दोन कविता नुसत्या वाचून दाखवल्या आणि गप्प बसले. तीही गप्प. ते तिला चाललं.

मीही तिला विचारते, सध्या काय वाचत्येस. हा प्रश्न तिला विचारायचा की नाही, यावर मी बराच विचार केला होता. तिला लागेल की काय, अशी भीती होती. पण तिचं उत्तर तयार होतं. ‘स्मृतिचित्रे. आठवून आठवून.’ लक्ष्मीबाई टिळकांचं ते पुस्तक १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आलं, शेवटचा भाग तर त्या गेल्यावर. मावशी म्हणते, ती बाई लिहीत नाही, पायरीवर बसून सांगते. म्हणून ते आठवायला सोपं. नवऱ्याने धर्म बदलला, घर तुटलं, नंतर पुन्हा जुळलं, आणि जातपात माणसांनी केलेली आहे हे बाईंना आपलं आपणच एका क्षणी उमगलं, हे सगळं मावशीला क्रमाने पाठ आहे, मात्र मधले सांधे निसटतात. निसटले की ती मला विचारते. माझ्याकडे त्याची प्रत नव्हती. ‘तुझीच पाठव,’ मी म्हटलं.

श्रावण लागल्यावर पार्सल आलं. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, वर जुना टॉवेल, आत वेखंडाचा तुकडा. खाकी कव्हर, कण्यावर मावशीच्या अक्षरातलं नाव. आतला कागद पिवळा पडलेला आणि कडा सुपारीच्या रंगाच्या. मजकुरात कुठे काही रेघोट्या नाहीत, पण समासात जागोजाग पेन्सिलीच्या बारीक उभ्या रेघा. पाऊणशेच्या पुढच्या एका पानावर रेघेशेजारी तीन शब्द आणि एक तारीख, ‘१२-६-८१. इथे थांबले. रात्रपाळी.’ बाकी काही नाही. मी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं. तिथे थांबावं असं मला काही दिसलं नाही.

त्या संध्याकाळी मी साडेसातची वाट पाहिली नाही, आधीच फोन लावला. गॅस बंद केला होता. मी म्हटलं, ‘मावशी, तुझं एक पान सापडलंय,’ आणि तारीख सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. पन्हाळीचं पाणी आज नव्हतं. श्रावणातली उघडीप असणार. मी विचारलं, ‘त्या दिवशी काय झालं होतं?’

‘थांब,’ ती म्हणाली. ‘आधी काय लिहिलंय त्या पानावर ते वाच. सावकाश वाच.’

मी वाचलं. पान संपलं तसा माझा आवाज थांबला.

‘आता त्याच्या आधीचं,’ मावशी म्हणाली.